यादीत नाव लिहिण्याआधी: युद्धातून उठलेल्या देशात पक्षासाठी माणसं जोडताना

जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांची घरं आणि दुकानं जाळायला जे जमाव निघाले, त्यातल्या अनेकांच्या हातात मतदार याद्या होत्या. कुठल्या गल्लीतलं कुठलं घर तमिळ माणसाचं, हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. सरकारी कागदावर ते छापलेलंच होतं. त्यानंतर श्रीलंकेचं सरकार आणि वेगळं तमिळ राज्य मागणारे तमिळ वाघ (एलटीटीई) यांच्यात जवळपास २६ वर्षं युद्ध चाललं आणि मे २००९ मध्ये ते संपलं. पण अशा देशात अनोळखी माणसाने उंबऱ्यात उभं राहून कागद काढला आणि "नाव सांगा" म्हटलं, की घरातल्यांच्या मनात काय येत असेल याचा विचार करा.

पक्षासाठी सभासद जोडायला निघालेल्या नव्या कार्यकर्त्याला मी सगळ्यात आधी हीच गोष्ट सांगते. आपल्याकडे सभासद नोंदणी म्हणजे पावती पुस्तक, एक फोटो आणि संध्याकाळपर्यंत गाठायचा आकडा. मीही एका दिवसात शंभर पावत्या फाडल्या आहेत. पुढच्या बैठकीला त्यातली चारच माणसं आली, तेव्हा कळलं की मी शंभर नावं जमवली होती, माणसं नव्हे. जिथे युद्ध झालेलं नाही तिथे या चुकीने वेळ वाया जातो. जिथे झालेलं आहे तिथे एखाद्याचा जीव धोक्यात येऊ शकतो.

उदाहरण श्रीलंकेचंच घेते, कारण विरोधातला एक छोटा पक्ष तिथे अगदी तळातून कसा वाढला हे आपल्या डोळ्यांसमोर घडलं. नोव्हेंबर २०१९ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत अनुरा कुमार दिसानायके यांना ४,१८,५५३ मतं पडली, म्हणजे ३.१६ टक्के. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांच्या 'जातिक जन बलवेगय' या आघाडीचे, म्हणजे एनपीपीचे, २२५ जणांच्या संसदेत फक्त ३ खासदार होते. सप्टेंबर २०२४ मध्ये अनुरा ४२.३१ टक्के मतं घेऊन पुढे आले आणि दुसऱ्या पसंतीच्या मोजणीनंतर राष्ट्राध्यक्ष झाले. दोन महिन्यांनी त्यांच्या आघाडीने संसदेच्या १५९ जागा जिंकल्या.

हे सगळं आर्थिक संकटामुळे झालं, असं म्हणून अनेक जण विषय संपवतात. संकट मोठं होतं, यात वाद नाही. पण चिडलेला माणूस आपोआप कुणाचा सभासद होत नाही. तो घरी बसतो, देश सोडून जातो किंवा पुन्हा जुन्याच नेत्याच्या मागे जातो. त्याने आपल्या शेजारी येऊन बसावं यासाठी आधी बरंच काम झालेलं असावं लागतं. त्या कामाच्या पायऱ्या पुढे देते आहे. सत्तेत आल्यावर त्या पक्षाने काय केलं, हा वेगळा विषय आहे. इथे विरोधात असतानाचं काम एवढंच पाहायचं आहे.

१. आपल्या पक्षाने काय केलं होतं, ते तोंडपाठ करा

नवा कार्यकर्ता सहसा जाहीरनामा वाचून बाहेर पडतो. त्याने आधी वाचायला हवं ते पक्षाच्या हातून सांडलेलं रक्त.

एनपीपीच्या मध्यभागी जनता विमुक्ती पेरमुना, म्हणजे जेव्हीपी, आहे. रोहण विजेवीर यांनी १९६५ मध्ये ती स्थापन केली. एप्रिल १९७१ मध्ये तिने पहिलं सशस्त्र बंड केलं, १९८७ ते ८९ या काळात दुसरं. दुसऱ्या बंडाला २९ जुलै १९८७ चा भारत-श्रीलंका करार आणि त्यापाठोपाठ आलेली भारतीय शांतिसेना हे मोठं निमित्त झालं. श्रीलंकेत मोठ्या कांद्याला 'बॉम्बे लूनू' म्हणतात, इतका आपला माल त्यांच्या स्वयंपाकघरात रुळलेला. त्याच काळात जेव्हीपीने भारतीय मालावर बहिष्कार लादला आणि तो विकणाऱ्या दुकानदारांना धमक्या दिल्या. राजकीय विरोधक, कामगार पुढारी, सरकारी नोकर मारले गेले. सरकारने त्याहून भयानक उत्तर दिलं. तरुण मुलं घरातून उचलली गेली, रस्त्याच्या कडेला टायरवर प्रेतं जळत राहिली. नोव्हेंबर १९८९ मध्ये विजेवीर पकडले गेले आणि मारले गेले. दक्षिणेतल्या सिंहली गावांमध्ये त्या दोन-तीन वर्षांचं दुःख कुठल्याच वर्षी जुनं झालं नाही.

उत्तरेतल्या तमिळांची तक्रार वेगळी आहे. याच पक्षाने २००२ च्या युद्धबंदीला विरोध केला, युद्धाला पाठिंबा दिला आणि एकत्र केलेले उत्तर व पूर्व प्रांत पुन्हा वेगळे करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २००६ मध्ये न्यायालयाने त्या बाजूने निकाल दिला.

म्हणजे एकाच पक्षाचा कार्यकर्ता दक्षिणेतल्या मातरा जिल्ह्यात दार ठोठावतो तेव्हा आतून एक प्रश्न येतो आणि उत्तरेतल्या किलिनोच्चीत ठोठावतो तेव्हा दुसरा. दोन्ही ठिकाणी तीन उत्तरं टाळा. "मी तेव्हा जन्मलोही नव्हतो." "त्यांनी आमच्यापेक्षा जास्त मारले." "झालं ते झालं, आता पुढे बघू." तिसरं उत्तर सगळ्यात वाईट, कारण ते प्रेमाने दिलं जातं.

मग म्हणायचं काय? "हो, हे आमच्या पक्षाने केलं. ते चूक होतं असं मी मानतो. तुमच्या घरात काय झालं ते सांगावंसं वाटलं तर ऐकायला आलोय." एवढं बोलून गप्प बसायचं. गप्प बसणं शिकायला वेळ लागतो, म्हणून ते आधी आपसात करून पाहा. एकाने घरातल्या माणसाची भूमिका घ्यायची, दुसऱ्याने कार्यकर्त्याची, आणि बोलणं थांबल्यावर दोन मिनिटं कुणीही तोंड उघडायचं नाही.

वरच्या नेत्यांनी काही म्हटलेलं असेल तर खालच्या माणसाला आधार मिळतो. अनुरा फेब्रुवारी २०१४ मध्ये पक्षाचे नेते झाले आणि त्याच वर्षी १९८८-८९ मध्ये पक्षाच्या हातून घडलेल्या हत्यांबद्दल त्यांनी माफी मागितली. उशीर झाला होता, आणि ते शब्द प्रामुख्याने दक्षिणेच्या जखमेला लागू होते. युद्धाच्या पाठिंब्याबद्दल उत्तरेला तसे शब्द हवे आहेत. तुम्ही किलिनोच्चीच्या रस्त्याला असाल तर ही उणीव झाकू नका. माफी अजून अपुरी आहे हे कार्यकर्त्याने स्वतःच कबूल केलं, तर समोरच्याला निदान खोटं बोलणारा माणूस भेटला नाही एवढं कळतं.

२. आत यायला अनेक दारं ठेवा

ज्या नावाने घाबरायला होतं त्या नावाच्या फलकाखाली कुणी येत नाही. नाव बदललं म्हणून भीती जाते असंही नाही. या पेचातून एनपीपीने काढलेली वाट शिकण्यासारखी आहे. २०१५ पासून जेव्हीपीच्या भोवती कामगार संघटना, स्त्रियांचे गट, कलावंत, प्राध्यापक, छोटे डावे पक्ष अशा २१ संघटना जमत गेल्या आणि २०१९ पर्यंत त्यांची आघाडी उभी राहिली. जुन्या पक्षाचं चिन्ह घंटा होतं. आघाडीचं होकायंत्र झालं. सिंहलीत त्याला 'मालिमाव' म्हणतात, तमिळमध्ये 'तिसैकाट्टी'.

नव्या कार्यकर्त्यासाठी याचा अर्थ साधा आहे. समोरच्या बाईला मूळ पक्षात यायचं नसेल तर तिला शिक्षक संघटनेतून येऊ द्या, बायकांच्या मंडळातून येऊ द्या. प्रत्येकाकडून सगळ्या तत्त्वज्ञानावर सही घेण्याचा आग्रह धरू नका. मात्र एक पथ्य पाळा. मधल्या खोलीत निर्णय कोण घेतं, हे तिला पहिल्याच महिन्यात स्पष्ट सांगा. आघाडीतली माणसं दुखावून जातात ती बहुधा याच कारणाने. आपण पाहुणे होतो आणि घरमालक दुसरेच, हे त्यांना फार उशिरा कळलेलं असतं.

दुसऱ्या पक्षातून येणाऱ्या बड्या माणसांसाठी मात्र दार जपून उघडा. एनपीपीने इतर पक्षांतले खासदार भराभर आत घेऊन संख्या फुगवली नाही, आणि वर्षानुवर्षं पक्षांतराला विटलेल्या मतदाराने ते लक्षात ठेवलं. आलेला पुढारी आपली माणसं बरोबर आणतो हे खरं. त्याच्याबरोबर त्याची जुनी देणीही येतात, आणि पाच वर्षं सतरंज्या उचललेला तुमचा कार्यकर्ता मागच्या रांगेत जातो.

३. पहिली बैठक: दहा माणसं, एक घर

मोठ्या सभेत सभासद होत नाहीत, तिथे टाळ्या होतात. सुरुवात ओसरीवर करा.

जागा कुणाची, हे आधी ठरवा. देवळाच्या किंवा विहाराच्या आवारात घेतली तर दुसऱ्या धर्माचा माणूस येणार नाही. लष्कराच्या तळाजवळ घेतली तर जिचा मुलगा बेपत्ता आहे ती आई येणार नाही. गावातल्या श्रीमंताच्या घरी घेतली तर मजूर दारातच उभा राहील. शिक्षिकेचं किंवा शिंपिणीचं घर बहुधा बरं पडतं, कारण तिथे सगळ्यांची ये-जा असते आणि कुणी आत गेलं तर शेजाऱ्यांना त्यात नवल वाटत नाही.

वेळ अंधार पडायच्या आत ठेवा. जिथे रात्री माणसं उचलून नेली गेली, तिथे रात्रीच्या बैठकीला वेगळा अर्थ असतो.

दहापेक्षा जास्त लोक नकोत. पहिल्या बैठकीत फोटो काढायचा नाही, हजेरी घ्यायची नाही, फॉर्म बाहेर काढायचा नाही. वरून कुणी फोटो मागितला तर नाही म्हणा. हे लिहिणं सोपं आहे, पाळणं कठीण, कारण आता वरचे पदाधिकारी कामाचा पुरावा म्हणून फोटोच पाहतात. तुमच्या जिल्ह्याच्या प्रमुखाशी यावर आधीच भांडून घ्या.

पहिला अर्धा तास तांदूळ, खत, दवाखाना, मुलांची शाळा, बस. राजकारण आपणहून येतं. श्रीलंकेत २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एकाएकी बंदी आली तेव्हा शेतकऱ्याला कुणी विचारधारा समजावून सांगावी लागली नाही. तुमचं काम एवढंच की त्याचा प्रश्न वहीत लिहायचा, पुढच्या बैठकीत त्याचं उत्तर किंवा निदान अर्जाची पोच घेऊन यायचं. प्रश्न लिहा, प्रश्न विचारणाऱ्याचं नाव नको.

दुसऱ्यांदा जा. तिसऱ्यांदा जा. तिसऱ्या बैठकीला कुणीतरी स्वतः विचारतं, "मग आम्ही काय करायचं?" फॉर्म तेव्हा काढायचा.

गाव निवडताना तिथल्या प्रशासनाची घडण माहीत हवी. श्रीलंकेत सगळ्यात खालचा सरकारी माणूस म्हणजे ग्राम निलधारी, आपल्या तलाठी-ग्रामसेवकासारखा. असे सुमारे १४,००० विभाग आहेत, आणि मतदार यादीची घरोघर नोंदही त्याच्याच हातून होते. दर विभागात तुमची किमान दोन माणसं असावीत, एक पुरुष आणि एक बाई. एकटा माणूस थकतो, विकला जातो किंवा घाबरतो. दोघं असली की एकमेकांना धरून ठेवतात.

४. यादी: काय लिहायचं आणि कुणी सांभाळायची

यादीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण नवे लोक सगळ्यात जास्त निष्काळजी इथेच असतात.

सगळ्यांची एकच यादी करू नका. तीन गट धरा. पहिला, जे ऐकायला येतात. दुसरा, जे हाताने मदत करतात, पत्रकं वाटतात, चहा करतात, मोटारसायकल देतात. तिसरा, जे नाव देऊन सभासद होतात. पहिल्या दोन गटांची लेखी यादी असण्याचं काहीच कारण नाही. ती माणसं तुमच्या डोक्यात असली पाहिजेत. डोक्यात मावत नसतील तर तुम्ही झेपेल त्यापेक्षा मोठा भाग घेतला आहे.

सभासदाच्या फॉर्मवर कमीत कमी लिहून घ्या. नाव, विभाग, संपर्क. जात, धर्म, मातृभाषा, युद्धात घरातलं कोण गेलं, कोण कुठल्या बाजूने लढलं, हे कागदावर कधीही येता कामा नये. "पुढे विश्लेषणाला उपयोगी पडेल" असं कुणीतरी शहाणा म्हणेल. १९८३ च्या मतदार याद्या करणाऱ्यांनीही त्या मतदानासाठीच केल्या होत्या.

संपूर्ण यादी एका माणसाकडे नको. प्रत्येक विभागाची त्या विभागातल्या दोघांकडे, जिल्ह्याकडे फक्त आकडा आणि त्या दोघांची नावं. सभासदांचा सरसकट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करू नका. तिथे प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, आणि ग्रुपमधल्या एकाचा फोन जप्त झाला की सगळ्यांची यादी तयार होते. निरोप एकेकट्याला जाईल अशी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा.

हे अतिसावधपणाचं वाटेल. पण दहशतवाद प्रतिबंधक कायदा श्रीलंकेत १९७९ मध्ये तात्पुरता म्हणून आला आणि युद्ध संपून पंधरा वर्षं झाली तरी लागूच होता. कुणाला कशासाठी उचलतील याचा भरवसा नसतो तिथे दर विभागाकडे एका वकिलाचा नंबर पाठ असावा. फोनमध्ये साठवलेला नव्हे, पाठ.

आणखी एक काळजी. सरकारी नोकरांच्या काही श्रेणींना तिथे राजकीय हक्क नाहीत. उत्साहाच्या भरात एखाद्या अधिकाऱ्याचं नाव लिहून घ्याल आणि त्याची नोकरी घालवाल. आधी विचारा, मग लिहा. नसेल लिहिता येत तर तो पहिल्या गटात आनंदाने राहील.

५. त्यांच्या भाषेत, त्यांच्या क्रमाने

सिंहलीला एकमेव राजभाषा करणाऱ्या १९५६ च्या 'फक्त सिंहली' कायद्याने श्रीलंकेत किती दूरवर आग लावली हे आपण भाषिक राज्यासाठी झगडलेली माणसं सहज समजू शकतो. त्याच वर्षी इथे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. म्हणून पत्रक दोन्ही भाषांत छापणं पुरेसं नाही. तमिळ गावात न्यायच्या कागदावर तमिळ मजकूर वर हवा, आणि तो तमिळमध्येच विचार करणाऱ्याने लिहिलेला हवा. भाषांतरित पत्रक दोन ओळींत ओळखू येतं, आणि ते ओळखू आलं की आपण दुसऱ्या नंबरचे हेही वाचणाऱ्याला कळतं.

डोंगराळ भागातल्या चहामळ्यांतल्या तमिळांना जाफन्याच्या तमिळांत धरू नका. त्यांचे पूर्वज इंग्रजांच्या काळात भारतातून मजुरीला गेले आणि १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतल्या लाखोंना परकं ठरवलं. तिथला पहिला प्रश्न जमिनीचा आणि रोजाच्या मजुरीचा असतो. २०२४ मध्ये त्या समाजातल्या स्त्रिया एनपीपीकडून संसदेत निवडून आल्या, आणि सिंहली बहुसंख्य मातरा जिल्ह्यातून सरोजा पॉलराज ही तमिळ बाई निवडून आली.

जाफना जिल्ह्यात सप्टेंबर २०२४ मध्ये अनुरांना ७ टक्क्यांच्या आसपास मतं होती. नोव्हेंबरमध्ये त्याच जिल्ह्यात आघाडीने ६ पैकी ३ जागा घेतल्या. याला मनं जिंकली म्हणणं घाईचं ठरेल. लोकांनी आपल्या जुन्या तमिळ पक्षांनाही कंटाळून एक संधी दिली होती. पूर्व किनाऱ्यावरचा बट्टिकलोआ हा मात्र देशातला एकमेव जिल्हा, जिथे ती आघाडी पहिली आली नाही.

६. बायकांच्या बैठका वेगळ्या घ्या

मिश्र बैठकीत बायका चहा देतात, पुरुष बोलतात. हे कोलंबोतही तसंच आहे आणि कोल्हापुरातही. म्हणून सुरुवातीला त्यांच्या बैठका वेगळ्या. एनपीपीने २०२३-२४ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत स्त्रियांचे मेळावे घेतले. गॅससाठी, दुधाच्या भुकटीसाठी रांगेत उभी राहिली होती ती बाईच. सावकारी कर्जाच्या हप्त्याची वही तिच्याकडे. आखाती देशांत घरकामाला गेलेल्या बहिणीचे पैसे कसे पुरवायचे हा हिशेब तिचा. अशा बाईला अर्थकारणावर भाषण देऊ नका, तिचंच भाषण ठेवा.

मुक्त विद्यापीठात शिकवणाऱ्या हरिणी अमरसूरिया २०२० मध्ये राष्ट्रीय यादीतून, म्हणजे पक्षाला मतांच्या प्रमाणात मिळणाऱ्या जागेवर, खासदार झाल्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान. त्या दिल्लीच्या हिंदू कॉलेजात शिकलेल्या. अशी एक व्यक्ती वर दिसली की खाली दहा जणी हात वर करतात, हे खरं. पण गावातल्या त्या दहा जणींच्या मुलांना बैठकीच्या वेळात कोण सांभाळतं, हे पाहायचं काम तुमचं. एका खोलीत पाटी-खडू, एक मोठी मुलगी आणि बिस्किटांचा पुडा ठेवलात की हजेरी वाढते.

७. सैनिक आणि आई, दोघंही

युद्धानंतरच्या देशात सर्वांत कठीण बैठक ही असते. गरीब सिंहली गावांतली हजारो मुलं लष्करात गेली. काही परतली नाहीत, काही पाय गमावून परतली. एनपीपीने निवृत्त सैनिकांचा वेगळा गट उभा केला. तिकडे किलिनोच्चीत २० फेब्रुवारी २०१७ पासून बेपत्ता माणसांच्या आया रस्त्याकडेला धरणं धरून बसल्या. मुलांचे फोटो छातीशी धरून त्या विचारत राहिल्या, आम्ही स्वतः ज्यांना सैन्याच्या हवाली केलं ते कुठे आहेत? उत्तर न मिळताच त्यांतल्या कितीतरी वारल्या.

दोघांनाही सभासद करायची घाई झालेला पक्ष दोघांना वेगवेगळं सांगतो. तुम्ही तसं करू नका. सैनिकाच्या घरी म्हणाल तेच आईसमोर म्हणता आलं पाहिजे. "कुणी मारलं, कुणी आज्ञा दिली, याची चौकशी व्हायला हवी" हे वाक्य सैनिकाच्या ओसरीवर अवघड जातं. तिथे ते म्हणूनच टाका. काही जण उठून जातील. जे थांबतील ते पुढे टिकतील.

आणि त्या आईकडे सभासदत्वाचा फॉर्म घेऊन जाऊ नका. तिच्याजवळ बसा, तिचा अर्ज कुठल्या कार्यालयात अडला आहे ते पाहा. बेपत्ता व्यक्तींसाठीच्या कार्यालयाचा कायदा २०१६ मध्ये झाला, पण त्या कार्यालयावर तिचा विश्वास नाही. तिला तुमच्यावरही विश्वास ठेवायचा नसेल तर तो तिचा हक्क आहे.

८. पैसे

वर्गणी छोटी ठेवा, पण प्रत्येकाकडून घ्या, आणि पावती द्या. पावतीवर देणाऱ्याचं पूर्ण नाव लागत नाही, क्रमांक चालतो. महिन्याचा हिशेब बैठकीत मोठ्याने वाचा. जेव्हीपीचे खासदार आपला पगार पक्षाच्या निधीत देतात, ही गोष्ट गावागावांत लोकांना ठाऊक होती आणि तिचा उपयोग दहा भाषणांपेक्षा जास्त झाला. २०२३ पासून तिथे निवडणूक खर्चावर कायद्याने मर्यादा आली आहे, तेव्हा खर्चाची वही पहिल्या दिवसापासून लिहा.

९. परदेशातली माणसं

श्रीलंकेच्या नागरिकाला परदेशातून मतदान करता येत नाही. तरी अनुरा २०२३-२४ मध्ये अमेरिका, कॅनडा, जपान, युरोप असे फिरले. मुंबईतला चाकरमानी गणपतीला कोकणात जातो तेव्हा घरातलं मत कुणाला, यावर त्याचं बोलणं चालतं. हे तसंच आहे. मत नसलेल्या माणसाचा फोन असतो. परदेशातल्या सभासदाला पैसे मागण्याआधी एक काम द्या: गावातल्या पाच नातेवाइकांना फोन कर आणि ते काय म्हणतात ते आम्हाला सांग.

१०. गर्दी आपोआप येईल तेव्हा झेंडा खाली ठेवा

एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परदेशी कर्ज फेडणं थांबवलं. कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर तंबू पडले, 'गोटा गो गामा' नावाचं गावच वसलं. ९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासात शिरले, १४ जुलैला गोटाबाया राजपक्ष यांचा राजीनामा आला. तिथे जमलेल्यांना कुठल्याही पक्षाचा झेंडा नको होता. २० जुलैला संसदेने नवा राष्ट्राध्यक्ष निवडला तेव्हा रानिल विक्रमसिंघे यांना १३४ मतं पडली आणि अनुरांना ३. रस्त्यावर लाखो आणि सभागृहात तीन.

नव्या कार्यकर्त्याला अशा वेळी वाटतं, हीच संधी, टेबल टाकू आणि सभासद करू. टाकू नका. पाणी वाटा, जखमींना दवाखान्यात न्या, पकडलेल्यांसाठी वकील शोधा, रात्री कचरा उचला. कुणी विचारलं तरच पक्षाचं नाव सांगा. तंबू उठल्यावर जो आपल्या गावी परत जातो, त्याला तिथे तुमची दहा जणांची बैठक सापडली पाहिजे. मागच्या दोन वर्षांत ती तुम्ही उभी केलेली नसेल तर त्या दिवशी काही करून उपयोग नाही.

युद्धातूनच उठलेल्या कोसोव्होतही साधारण असंच झालं. 'वेतेवेंदोस्ये' हा गट २००५ मध्ये भिंतींवर घोषणा लिहीत सुरू झाला, २०१० मध्ये पहिल्यांदा निवडणूक लढला तेव्हा १२-१३ टक्क्यांवर थांबला, आणि २०२१ मध्ये ५० टक्क्यांच्या वर गेला. इतकी वर्षं ओसरीवरच्या बैठका चालवायची तयारी असेल तरच या कामाला हात घाला.

११. मतपत्रिकेचा सराव

राष्ट्राध्यक्ष निवडताना तिथे तीन पसंतीक्रम देता येतात. संसदेसाठी आधी पक्षाचं चिन्ह, मग हवं तर तीन उमेदवारांचे क्रमांक. सप्टेंबर २०२४ मध्ये ३८ उमेदवार रिंगणात होते, मतपत्रिका लांबलचक होती आणि ३ लाखांवर मतं बाद झाली. सरावासाठी नमुना मतपत्रिका छापून सभासदाकडून हाताने भरून घ्या, त्याला दोन शेजाऱ्यांना शिकवायला सांगा. मग मत कुणाला देणार, हे आदल्या रात्री कुणालाही विचारू नका. तो त्यांचा आणि पेटीचा मामला.

१२. जाणाऱ्याचं नाव

नोव्हेंबर २०२४ मध्ये एनपीपीला ६१ टक्क्यांच्या वर मतं होती. मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत ती ४३ टक्क्यांवर आली. तेव्हा माणसं जातातच, सत्तेत असताना जास्त जातात. जाणाऱ्याला गद्दार म्हणायची सवय युद्धानंतरच्या देशात जीवघेणी आहे, कारण तो शब्द तिथे कितीदा गोळीच्या आधी उच्चारला गेला आहे. कुणी म्हणालं, मला आता यात राहायचं नाही, तर कारण विचारा, वाद घालू नका. त्याचा फॉर्म काढा. त्याच्यासमोर फाडा किंवा त्याच्याच हातात द्या, त्याचं नाव यादीतून खोडलं ते त्याला डोळ्यांनी पाहू द्या. विभागातल्या दुसऱ्या जोडीदारालाही तसं करायला सांगा. मग चहा ठेवा.